जाड वायरीची परीक्षा

शहापूर, जि. भंडारा
ता. १९ मे

व्याहीबुवा श्री. बाबूलालजी गजभिये, मु. अड्याळ, यांना वासुदेवराव रामटेके याचा मनापासून जयभीम. (समोरासमोर मी तुम्हाला 'इवाई' म्हणतो, पण कागदावर ते बरे दिसत नाही असे विमलाबाईचे म्हणणे पडले.) विहीणबाई रत्नमालाताईंनाही आम्हा दोघांचा जयभीम पोचवावा. तुमच्या डोळ्याच्या ऑपरेशनला महिना झाला, तेव्हा हे पत्र तुम्हाला स्वतःला वाचता येईल असे धरून लिहितो आहे. अजून अक्षरे पुसट दिसत असतील तर आणखी आठ दिवस थांबा, पण विहीणबाईंना मोठ्याने वाचायला देऊ नका. निदान शेवटचे पान तरी देऊ नका.

इकडे सर्व ठीक. खुशबूला सातवा संपत आला, डॉक्टरीणबाई समाधानी आहेत, आणि कैरी पुरे म्हटले की ती माझ्याकडे असे बघते की तब्येतीची काळजी करण्याचे कारण उरत नाही. जावईबापू अश्विनराव पंधरा दिवस घरूनच ऑफिस करण्याची परवानगी घेऊन पुण्याहून आमच्याकडे आले आहेत, हे तुम्हाला माहीतच आहे. त्यांनी सोबत काय आणले ते तुम्हाला माहीत नाही, आणि पत्राचे कारण तेच आहे. फोन केला असता, पण चौतीस वर्षे टेलिफोन खात्यात केबलचे जोड करण्यात गेल्यामुळे फोनवरचे बोलणे किती कानांतून जाऊ शकते याची मला नको तेवढी माहिती आहे. शिवाय तुमचा फोन विहीणबाई उचलतात.

तर त्यांनी गाणी ऐकण्याचे सामान आणले. एक अँप्लिफायर, दोन स्पीकर, इंटरनेटवरून गाणी ओढून घेणारा एक डबा, इथपर्यंत मी समजू शकतो. पण आमचा राऊटर आतल्या खोलीत तांदळाच्या कोठीमागे आहे, तिथून बाहेरच्या खोलीतल्या डब्यापर्यंत वायर लागते, आणि ती वायर त्यांनी वेगळी आणली होती. लखलखीत विणीचे कापड गुंडाळलेली, अंगठ्याएवढी जाड, दोन्ही टोकांना चांदीसारखी टोपणे. सोबत एक छोटी धातूची डबी होती, ती वायरीच्या वाटेत बसवायची, म्हणजे आवाज 'शांत' होतो. राऊटरसोबत फुकट आलेली वायर माझ्याकडे होती. मी ती दाखवली. अश्विनरावांनी तिच्याकडे ज्या नजरेने पाहिले, त्या नजरेने लग्नाच्या वेळी तुमच्याकडच्या एका काकांनी आमच्या मांडवाकडे पाहिले होते. (विषय निघाला म्हणून लिहिले. मनात काही नाही.)

आता वायरीने आवाजात फरक पडत नाही असे मी कोणत्या तोंडाने म्हणू? माझा सगळा जन्म त्याच फरकावर गेला. पावसाळ्यात जमिनीतल्या जोडात पाणी शिरले की लाइनीवर भजी तळल्यासारखा आवाज येई, आणि तपासणीचा फोन कानाला लावून तो तळणीचा आवाज किती बारीक आहे त्यावरून मी सांगत असे की कुठे खणा. जिल्ह्याचे दोन जिल्हे झाले त्या साली, खुशबू चार वर्षांची असताना, माझी गोंदियाला बदली होता होता राहिली ती या कानामुळेच. पण तेव्हा आवाज स्वतः वायरीतून चालत जात होता. आता वायरीतून आकडे जातात. मी अश्विनरावांना समजावले की, फाटक्या पोत्यातून धान पाठवले तर रस्त्यात सांडते, हे खरे. पण अड्याळला तुमच्या वडिलांना (म्हणजे व्याहीबुवा, तुम्हाला) मी नुसता निरोप धाडला की अठ्ठावीस पोती आहेत, तर निरोप सांगणाऱ्याचा गळा गोड असो की बसलेला, तिकडे अठ्ठावीसच पोचतात. गळा गोड होता म्हणून तांदूळ बासमती होत नाही.

त्यावर ते म्हणाले, "मामाजी, आकडे बरोबरच येते. पर आकड्याच्या संगं वायरीतून बिजलीचा कचरा बी येते न. थो कचरा डब्यात शिरते, डब्यातून अँप्लिफायरमंदी जाते, न आवाज मैला होते."

व्याहीबुवा, हा मुद्दा मूर्खपणाचा नाही. बिजलीची तार आणि टेलिफोनची तार जवळून गेली तर काय होते ते मी उभ्या भंडारा तालुक्यात पाहिले आहे. मी दुसऱ्या दिवशी उत्तर शोधून काढले, त्यांनी तिसऱ्या दिवशी ते खोडून काढले, आणि जेवणे होऊन गेली तरी आम्ही दोघे त्या वायरीची टोके हातात धरून बसू लागलो. मला तुम्हाला जे सांगायचे आहे त्याची सुरुवात इथे होते. लग्नाला तीन वर्षे झाली. या तीन वर्षांत तुमचे चिरंजीव माझ्याशी 'हो मामाजी', 'नाही मामाजी' आणि 'भाजी पुरे' यापलीकडे बोललेले मला आठवत नाही. मुलगा सोन्यासारखा, पण घरात आहे की नाही हे चपला पाहून कळायचे. आणि इथे वायरीवरून सहा दिवस सलग बोलत होते. हसत होते. मला 'तसं नाही हो' म्हणत होते.

चौथ्या दिवशी दुपारी मी सहज विचारले की हा नाद लागला कुठून. तेव्हा त्यांनी तुमच्या रेडिओची गोष्ट सांगितली. तुम्हाला ती आठवते का, मला माहीत नाही. संध्याकाळी नागपूर केंद्र लावले की खरखर यायची, आणि अश्विनने एरिअलची तार हातात धरून ओट्यावर उभे राहिले की आवाज साफ यायचा. तुम्ही आतून म्हणायचे, "तसाच उभा राय, हालू नोको." तो अर्धा अर्धा तास उभा राहायचा. डास चावले तरी हात सोडायचा नाही. मला म्हणाले, "मामाजी, मी हात सोडला का बाबाचं गानं जाये. मंग टीव्ही आला, न माहं काम गेलं." हे सांगताना ते हसत होते, पण त्या दिवशीची चर्चा मी हरलो असे समजा.

इकडे खुशबूचा जीव वैतागला होता. पुण्याच्या घरात बाळासाठी जी खोली ठेवली आहे तिच्यात म्हणे आत्ताच पाच डबे येऊन बसले आहेत. शनिवारी तिने ताटावरच निकाल मांडला, "बाबा समोर बसतीन. तुमी डोळे बंद करून ओळखून दाखवा, कोनती वायर लावली थे. दहापैकी आठ आले त ठेवा. नाही आले त सारे डबे विका, न वॉशिंग मशीन आना." अश्विनराव ताबडतोब तयार झाले. इतका विश्वास मी खात्याची परीक्षा देतानाही कुणाच्या चेहऱ्यावर पाहिला नव्हता, आणि तिथे तर निम्म्यांच्या खिशात उत्तरे होती.

परीक्षा रविवारी सकाळी पोहे झाल्यावर ठेवली. पद्धत माझी होती, आणि तिच्यात खोट नव्हती असे मी त्या दिवशी शपथेवर सांगितले असते. मी आदल्या दिवशीच दहा वेळा नाणे उडवले, छापा पडला तिथे साधी वायर, काटा पडला तिथे जाड वायर, असा कागद लिहून ठेवला. दोन्ही वायरींची बाहेरची टोके डब्याच्या दोन भोकांत आधीच लावलेली, विमलाबाई आत कोठीमागे राऊटरला हवे ते टोक लावणार. मी दोन खोल्यांच्या मधल्या दारात कागद-पेन्सिल घेऊन उभा, तिला बोटांनी खूण करणार. जावईबापू बाहेर खुर्चीवर, डोळ्यांवर खुशबूची ओढणी बांधून. बासरीचा एकच एक मिनिटाचा तुकडा दर वेळी लावायचा आणि त्यांनी सांगायचे. हायवेवर ट्रक आला की थांबायचे, त्यामुळे दहा तुकड्यांना सव्वा तास लागला.

पहिले चुकले. दुसरे बरोबर आले. तिसरे आणि चौथे चुकले. पाचव्या वेळी विमलाबाईचा गोंधळ झाला आणि माझी खूण कळली नाही म्हणून ती जाड वायर उपसून हातात घेऊन थेट माझ्यासमोर येऊन उभी राहिली, 'ही का?' असे भुवयांनी विचारत. साधी वायर खाली पडलेली. म्हणजे त्या घटकेला राऊटरला कोणतीच वायर लागलेली नव्हती. आणि बासरी वाजतच होती! (तो डबा गाणे आधीच पोटात घेऊन बसतो. वायर काढली तरी काही वेळ तो आपल्या पोटातले वाजवतो.) एका हाताला विमलाबाई, तिच्या हातात वायर. दुसऱ्या हाताला ओढणी बांधलेले जावईबापू, मान जराशी तिरकी केलेली, चेहऱ्यावर असे समाधान की काय सांगू. म्हणाले, "आता बगा. आता कसा आवाज मोकरा झाला. ही जाडीच आहे."

व्याहीबुवा, ते खोटे बोलत नव्हते. मी खोटे बोलणारी पुष्कळ माणसे पाहिली आहेत, लाइन सुरू असताना बंद म्हणणारी आणि बंद असताना सुरू म्हणणारी. या माणसाला खरोखर मोकळे वाटत होते. फक्त ज्यामुळे वाटत होते ती वस्तू तिथे नव्हती. आणि मला एकदम भीती वाटली. हा हरला तर डबे जातील, त्याचे मला काही नाही. पण उद्या सकाळी हा पुन्हा 'हो मामाजी' म्हणेल.

दहा झाले. बरोबर चार होते. नाणे उडवून सांगितले असते तरी पाच आले असते. मी चष्मा काढला, कागद डोळ्यांसमोर धरला, आणि मोठ्याने वाचले, "नऊ." (दहा वाचले असते तर मीच विश्वास ठेवला नसता.) खुशबूने माझ्याकडे पाहिले, कागद मागितला नाही, आणि उठून आत गेली.

खोटे एकदा सुटले की ते माझ्या ताब्यात राहील अशी माझी समजूत होती. पण अश्विनरावांचा या नादातल्या लोकांचा एक ग्रुप आहे, त्यात त्यांनी संध्याकाळपर्यंत लिहून टाकले की, टेलिफोन खात्यातील चौतीस वर्षांच्या अनुभवी तज्ज्ञांनी स्वतः परीक्षा घेतली आणि दहापैकी नऊ आले. मग काय! कुठून कुठून अभिनंदन. नागपूरचे एक गृहस्थ स्वतःची वायर घेऊन शनिवारी आमच्याकडे येणार, जेवायलाच येणार. एकाने विचारले की तज्ज्ञ वायर पूर्वेकडून टाकतात की पश्चिमेकडून. आणि जावईबापूंनी हुरूप येऊन आणखी एका डब्याची ऑर्डर दिली. त्यात म्हणे आत एक घड्याळ आहे, त्यामुळे आकडे वेळेवर येतात. मी विचारले, वेळ दिसते का. दिसत नाही. वॉशिंग मशीनचे नाव खुशबूने काढले नाही, याचीच मला जास्त धास्ती वाटली.

दोन दिवस मला अन्न गोड लागले नाही. चौतीस वर्षांत दोषाच्या वहीत मी एकही खोटी नोंद केली नव्हती, साहेब सांगत होते तरी केली नव्हती. आणि केली ती घरात.

मंगळवारी सुखराम आला. हा आमच्या तलावावर मासे धरणारा, सायकलवर टोपली बांधून दारोदार येतो. विमलाबाई मासे निवडत होती आणि बाहेरच्या खोलीत बासरी चालू होती. अश्विनरावांनी त्यालाही विचारले, "सुखरामभाऊ, आवाज कसा आहे?"

सुखराम दारातूनच म्हणाला, "आवाज बेस हाये जी. पर खालून थे घुंऽऽ घुंऽऽ कायचं होऊन राहिलं?"

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले. मी स्पीकरला कान लावला. घुंघुं होते. बारीक, पण होते. नऊ दिवस आम्ही वायरीच्या गोडव्यावर भांडत होतो, आणि ज्या माणसाच्या कानाला अर्थिंग सुकल्याचा आवाज निजल्या निजल्या कळायचा, त्याला तो आपल्या घरात ऐकू आला नव्हता. उन्हाळा आहे, अंगणातला अर्थिंगचा खड्डा पार कोरडा पडला असणार. मी खणायची सब्बल काढली. अश्विनराव शर्ट काढून खड्ड्यात उतरले, मी वरून माती ओढू लागलो. दोन फूट गेल्यावर मला राहवले नाही.

म्हणालो, "अश्विनराव, थे नऊ नोते."

त्यांनी सब्बल थांबवली. "मंग किती होते?"

"चार. न पाचव्या टायमाले त वायर लागलीच नोती. तुमच्या मामीच्या हातात होती."

त्यांचा चेहरा असा लाल झाला की मला वाटले, आता बॅग भरणार. त्यांनी सब्बल खड्ड्याच्या कडेला टेकवली. मग विचारले, "मी तवा काय म्हनलो होतो?"

"आवाज मोकरा झाला म्हनले."

ते मातीच्या ढिगावर बसले. "तुमी खोटं कायले बोलले, मामाजी?"

मी जे होते ते सांगितले, "सहा दिवस तुमी माह्यासंगं बोलून राहिले होते. मले वाटलं, हरले त बंद व्हान."

त्यांनी सब्बल उचलली आणि खणू लागले. पण थोड्या वेळाने खड्ड्यातून हसण्याचा आवाज आला, आधी दाबलेला, मग मोकळा. "मामीच्या हातात!" एवढेच दोनदा म्हणाले. मग मातीच्या पायांनीच घरात गेले आणि खुशबूला सगळे सांगितले. ती म्हणाली, "मले माईत होतं. बाबा चष्मा काढून वाचते तवा थे वाचत नसते." म्हणजे तीन दिवस तिने मशीनवर पाणी सोडले होते, बापाची लाज राहावी म्हणून.

ऑर्डर त्यांनी रद्द केली. ग्रुपमध्येही स्वतःच लिहिले की नऊ नव्हते, चार होते. आता गंमत पहा. नऊ आले तेव्हा परीक्षा कशी घेतली हे एकाही माणसाने विचारले नव्हते. चार म्हटल्यावर अठ्ठावीस जणांनी विचारले. कोणी म्हणाले खेड्यातली बिजलीच खराब, कोणी म्हणाले ओढणीने कान दबले असतील, आणि नागपूरच्या गृहस्थांनी कळवले की अशा ठिकाणी येण्यात अर्थ नाही. विमलाबाई म्हणाली, चला, जेवणाचा एक माणूस कमी.

खड्ड्यात मीठ घातले, कोळसा घातला, सहा बादल्या पाणी ओतले, पट्टीचा गंजलेला जोड मी माझ्या हाताने नवा केला. मग साधी फुकटची वायर लावून तीच बासरी लावली. घुंघुं गेले होते. आणि सूर लागण्याच्या आधी, वाजवणाऱ्याने आत घेतलेला श्वास ऐकू आला. तो श्वास आम्ही नऊ दिवसांत एकदाही ऐकला नव्हता. दोघांच्याही माना एकाच वेळी वर झाल्या. ओढणी नव्हती, कागद नव्हता, आणि कोणाला काही ओळखायचेही नव्हते. त्यांनी तो तुकडा पुन्हा लावला, मी नाही म्हटले नाही.

जाड वायर मी गुंडाळून कपाटात ठेवली आहे. खुशबू म्हणते, राहू द्या एक, बाकीचे विका. मशीन तिकडे पुण्याला पुढच्या आठवड्यात पोचेल. तुमच्या चिरंजिवांबद्दल माझी तक्रार आहे असे तुम्हाला पत्राच्या सुरुवातीला वाटले असेल, तर तसे नाही. तक्रार स्वतःबद्दल होती, ती लिहून झाली. डोळा जपा, औषधाचे थेंब चुकवू नका, आणि धाकट्यांना आमची आठवण सांगा.

आपला आणि आता थोडा जास्तच आपला,
वासुदेवराव

ता. क. : पाकीट चिकटवण्याआधी विमलाबाईने पत्र वाचले. (ती वाचतेच.) वाचून ती म्हणते की सातव्या वेळेपासून तिने वायर बदललीच नव्हती. कोठीमागे वाकून वाकून कंबर धरली होती आणि गॅसवर वरण होते, म्हणून ती नुसती वाकायची, खुडबुड करायची आणि उठायची. मी म्हटले, "अवो, काहून नाही सांगतलं?" तर म्हणाली, "तुमी इचारलं कुठी?" म्हणजे नऊ खोटे होते आणि चारही खोटे आहेत. खरे किती ते आता कोणालाच कळणार नाही. अश्विनरावांनी चार म्हणून जगाला सांगून टाकले आहे, त्यांना पुन्हा खड्ड्यात उतरवायची माझी हिंमत नाही. तुम्हीही सांगू नका.

ता. क. २ : खरे काम राहिलेच. जावईबापू येत्या सोमवारी पुण्याला परत जाणार. रविवारी तुम्ही शहापूरला या. ते स्वतः तुम्हाला बोलावणार नाहीत, त्यांचा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. काही आणू नका, आवाजात फरक कळला असेही म्हणू नका. त्यांनी जे लावले ते त्यांच्या शेजारी बसून तासभर ऐका. मी आणि विमलाबाई बाजाराला जाऊ.

ता. क. ३ : हे फक्त तुम्हाला. काल सगळे दवाखान्यात गेले असताना मी कपाटातली जाड वायर काढून लावून पाहिली. शास्त्राप्रमाणे फरक पडायला नको. तीनदा ऐकले, आणि काय ऐकू आले ते मी लिहिणार नाही. वायर अजून लागलेलीच आहे. घरात कोणाच्याच लक्षात आलेले नाही, अश्विनरावांच्यासुद्धा.